मुंबई–लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाची वेळ

लंडन किती लांब आहे असे विचारले, तर कोणी ७,२०० किलोमीटर सांगतो आणि कोणी दहा तास. दोन्ही उत्तरे बरोबर असली, तरी एकावरून दुसरे काढायला गेले की हिशेब चुकतो.

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधील सुमारे ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेचे अंतर आहे. सपाट नकाशावर ही वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते, त्यामुळे विमानात समोरच्या पडद्यावर ती पाहणाऱ्याला वैमानिक उगाच वळसा घालतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात सरळ वाट तीच. हे अंतर बदलत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले, तेव्हाही ही दोन शहरे एकमेकांपासून इतकीच दूर होती.

पण विमान या रेषेवरून जाईलच असे नाही. ही रेषा कराचीच्या आसपासून इराण, अझरबैजान आणि युक्रेनवरून जाते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तर युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्येच नागरी विमानांसाठी बंद झाले. म्हणजे कागदावरचे अंतर तेच राहिले, मात्र प्रत्यक्ष कापायचे अंतर वाढले.

त्यापेक्षा मोठा फरक वारा पाडतो. ताशी ९०० किलोमीटरने भागून आठ तास हे उत्तर काढणारा विसरतो, की विमानाचा हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो आणि ती हवाच वाहती असते. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह, विशेषतः हिवाळ्यात, ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. लंडनहून येताना त्यांचा रेटा मिळाला की पडद्यावरचा जमिनीसापेक्ष वेग हजाराच्या वर चढतो, आणि जाताना तोच वारा समोरून आल्याने आठशेच्या घरात रेंगाळतो. म्हणूनच जाण्यास परतीपेक्षा साधारण तासभर अधिक लागतो.

तिकिटावरील वेळांची वजाबाकी हा आणखी एक सापळा आहे. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान लंडनला सायंकाळी ५.३० वाजता पोहोचते; वजाबाकी साडेचार तास येते, परंतु दोन्ही वेळा स्थानिक असल्याने त्यात साडेपाच तासांचा फरक मिळवावा लागतो आणि खरा प्रवास दहा तासांचा निघतो. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली जातात, तेव्हा हाच फरक साडेचार तासांचा होतो.

शिवाय तिकिटावरचा कालावधी म्हणजे केवळ हवेतील वेळ नव्हे: विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो हिशेब असतो. धावपट्टीसमोरची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांसाठीची मोकळीक वेळापत्रकात आधीच धरलेली असते. त्यामुळे एखाद्या दिवशी गर्दी नसली, तर विमान वीस मिनिटे लवकर उतरते आणि आपली जागा रिकामी होण्याची वाट पाहत उभे राहते.