ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय : संसर्गरोग-संशोधन

मुंबईतील भायखळा येथील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालयात संसर्गजन्य रोगांवर झालेले संशोधन व वैद्यकीय कार्य. त्याचा बहराचा काळ साधारणपणे १८६० ते १८९९ असा धरता येईल. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लसीमुळे महाविद्यालयाचे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु हाफकिन तेथील अध्यापक नव्हते. सरकारने त्यांना तेथे जागा दिली होती, एवढेच. महाविद्यालयाचे स्वतःचे म्हणावे असे संशोधन त्याआधी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी केले. त्याची दखल मराठी संदर्भग्रंथांत फारशी घेतली गेलेली नाही.

पार्श्वभूमी : महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव त्याला दिले असले, तरी ते १८३८ मध्येच वारले होते. उभारणीचा भार मुख्यतः चार्ल्स मोरहेड यांनी वाहिला. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या कुष्ठरोगावरील औषधाची त्या काळी मोठी चर्चा होती. ते कडू कवठीच्या तेलावर आधारलेले असावे असे सामान्यतः मानले जाते. मात्र हे काम त्यांनी खाजगी व्यवसायात केलेले असल्यामुळे ते महाविद्यालयाच्या खाती मांडणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

कार्टर (१८३१–९७) : शरीररचनेच्या जगप्रसिद्ध ‘ग्रेज ॲनॅटॉमी’ या पाठ्यपुस्तकाची (१८५८) चित्रे काढणारे ते हेच कार्टर. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी ते मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आले आणि ग्रँट महाविद्यालयात शरीररचना व शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले. मध्यंतरी काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. चित्रकाराची नजर आणि सूक्ष्मदर्शक या दोहोंचा मेळ त्यांच्या संशोधनात दिसतो.

मायसेटोमा : अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला काटा रुततो, जखम वरवर भरते, आणि कालांतराने पाऊल सुजून त्याला जागोजागी छिद्रे पडतात. छिद्रांतून पुवाबरोबर काळे किंवा फिकट कण बाहेर येतात. मद्रास इलाख्यातील डॉक्टरांनी १८४० च्या दशकात हा विकार ‘मदुरा पाय’ या नावाने नोंदवला होता. कार्टर यांनी कापलेल्या पायांचे छेद घेऊन त्यातील कण तपासले. हा बुरशीचा रोग आहे असे त्यांनी १८६० च्या सुमारास मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. यावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. त्यांच्या नमुन्यांवर उगवलेल्या गुलाबी बुरशीला इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कली यांनी कार्टर यांच्याच नावाने संबोधले आणि तीच रोगाचे मूळ म्हणून काही काळ गाजली. ती बाहेरून येऊन रुजलेली असावी, असे पुढे ठरले. १८९४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हँसाँ यांनी फिकट कणांच्या प्रकारात निराळाच, जिवाणूंच्या गटात मोडणारा जंतू दाखवला. त्यामुळे कार्टर यांचे कारणाविषयीचे मत काळ्या कणांपुरते टिकले, फिकट कणांच्या बाबतीत अपुरे ठरले. काळा व फिकट हा त्यांनी केलेला भेद मात्र आजही उपचाराची दिशा ठरवतो, कारण सामान्यतः बुरशीवरील औषधे काळ्या प्रकाराला आणि प्रतिजैविके फिकट प्रकाराला लागू पडतात.

पुनरावर्ती ज्वर : १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले. त्यांच्यात आठवडाभराने उतरून पुन्हा चढणाऱ्या तापाची साथ पसरली. या रोगाचा मळसूत्री जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी पाहिला होता (प्रसिद्धी १८७३). कार्टर यांना तोच जंतू १८७७ मध्ये मुंबईच्या रोग्यांच्या रक्तात आढळला. रोग्याचे रक्त माकडांना टोचून त्यांनी ताप उत्पन्न केला आणि तापाच्या चढउताराबरोबर जंतू रक्तात केव्हा दिसतो व केव्हा नाहीसा होतो, याची नोंद ठेवली. याच सुमारास जर्मनीत कॉख यांनीही माकडांवर असाच प्रयोग केला. अग्रमान कोणाचा याविषयी एकमत नाही. दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे काम केले, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. त्याआधी ओडेसातील डॉक्टरांनी रक्तातून हा रोग माणसाला होतो हे दाखवले होते, हेही विसरता कामा नये. कार्टर यांचा या तापावरील ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग नेमका कशामुळे पसरतो, हे कोडे त्यांना उलगडले नाही. १९०७ मध्ये मॅकी यांनी नाशिक येथील मिशनच्या वसतिगृहातील साथ तपासली. मुलांमध्ये साथ मोठी होती आणि त्यांच्या कपड्यांत उवाही अधिक होत्या. मुलींमध्ये दोन्ही कमी होते. त्यावरून त्यांनी अंगावरील उवेकडे बोट दाखवले.

प्लेग : २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीचा प्लेग असल्याचे महानगरपालिकेच्या स्थायी समितीस कळवले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे, शिक्षण ग्रँट महाविद्यालयात. रोग मुंबईत कोठून आला, याविषयी तेव्हाच दोन तट पडले. १८९४ च्या साथीनंतर हाँगकाँगहून जहाजांतील मालाबरोबर तो आला, हा एक पक्ष. गढवाल–कुमाऊँ भागातील ‘महामारी’ वाळकेश्वरला येणाऱ्या साधूंबरोबर आली, हा दुसरा. साधूंवर ठपका ठेवणाऱ्या मताला सरकारी अहवालांत जागा मिळाली, पण त्याला ठोस पुरावा नव्हता. मांडवी गोदीला लागून आहे, तेथे धान्याच्या वखारी होत्या आणि माणसांआधी उंदीर मेले होते. या तिन्ही गोष्टी पहिल्या पक्षाकडे झुकतात, आणि बहुतेक अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे.

वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आले. महाविद्यालयाच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली व लगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू त्यांनी मांसरसात वाढवले. धार्मिक भावना लक्षात घेऊन गोमांस टाळून बोकडाचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्याखाली जंतूंची वाढ झुंबराच्या लोलकांसारखी लोंबू लागे. मग बाटली हलवून ती तळाशी पाडायची आणि पुन्हा वाढू द्यायची. असे सुमारे सहा आठवडे चाले. शेवटी ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारत आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले, पण मृत्यू झाला नाही. टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोगाची लक्षणे होती ते यात धरलेले नाहीत. एकूण कैद्यांचे आकडे निरनिराळ्या वृत्तांतांत वेगवेगळे येतात, त्याचे एक कारण ही वजाबाकी असावे. पुढे आगाखान यांनी स्वतः लस घेऊन खोजा समाजाला उत्तेजन दिले आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. भारतीय प्लेग आयोगाने लस उपयुक्त ठरवली, परंतु मात्रेचे प्रमाणीकरण पुरेसे नाही, असा आक्षेप घेतला. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि महाविद्यालयाशी असलेला तिचा थेट संबंध संपला.

मुलकोवाल प्रकरण : घटना पंजाबातील असली, तरी वादाचे मूळ महाविद्यालयात ठरलेल्या कृतीतील बदलात आहे. पंजाबची लसीची प्रचंड मागणी भागवताना परळला कृती बदलली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी ५३–एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दूषण बाटली उघडण्यापूर्वीचे, म्हणजे परळचे ठरवले, आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. उलट बाजूचे मुद्दे असे : बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत असते, तर उघडताच दुर्गंधी यायला हवी होती, पण तशी आली नाही. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. शिवाय बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो उकळून न घेता कार्बोलिकमध्ये बुडवून तसाच वापरला गेला. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही दूषण गावातच झाले असण्याचा संभव अधिक मानला. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. कार्बोलिक असते तर चिमट्यावरील जंतूंचे काय झाले असते, हा मुद्दा या साऱ्या वादात काहीसा मागे पडला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा तिचे संचालक उवांवर काम केलेले मॅकी हेच होते.

उत्तरकाल : प्लेग-संशोधन परळला एकवटल्यावर प्लेग पसरवणाऱ्या पिसवांवरील निर्णायक काम (१९०५ नंतर) तेथील प्लेग-संशोधन आयोगानेच केले. महाविद्यालयाकडे मुख्यतः अध्यापन आणि रुग्णसेवा राहिली. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने एचआयव्हीबाधितांना विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आठ शासकीय रुग्णालयांपासून सुरुवात केली, त्यांत जे. जे. रुग्णालय होते.