दुबईच्या बंदिस्त थीम पार्कमध्ये एक दिवस : बुकिंगआधी वाचावे असे माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या दुबई सहलीत बुर्ज खलिफाबद्दल कुणी फारसं विचारत नाही. वर जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न येतात ते ‘आयएमजी वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर’बद्दल. कारण तिथं सबंध दिवस जातो, चौघांचं तिकीट खिशाला चांगलंच जाणवतं, आणि घरातल्या पाच वर्षांच्या नातीचा दिवस आणि पंचाहत्तरीच्या आजोबांचा दिवस यांत काहीही साम्य नसतं. फोनवर हे सगळं समजावताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून देत आहोत. कृपया पैसे भरण्याआधी वाचा, विमानात बसल्यावर नको.

काय आहे हे प्रकरण

शेख मोहम्मद बिन झायेद रोडला लागून, सिटी ऑफ अरेबिया या भागात हे पार्क आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ते उघडलं तेव्हा जगातलं सर्वांत मोठं बंदिस्त थीम पार्क म्हणून गाजलं. क्षेत्रफळ १५ लाख चौरस फूट. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर सुमारे ३४ एकर, आणि तेही एका छताखाली.

आपल्याला खोपोलीचं इमॅजिका माहीत आहे. तिथं उन्हात रांगेत उभं राहावं लागतं आणि आभाळ भरून आलं की वर बघत बसावं लागतं. दुबईत मे महिन्यात पारा सर्रास ४० च्या वर जातो. तिथं उघड्यावरचं पार्क उन्हाळ्यात दुपारी चालणं कठीणच, म्हणून सगळं आत घेतलं. परिणाम असा की बाहेर भट्टी आणि आत एसी. दोन-तीन तासांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं कुडकुडायला लागतात. प्रत्येकाचा एक पातळ स्वेटर किंवा शाल हवीच. “दुबईला कशाला स्वेटर” असं म्हणून सुटकेसमधून तो बाहेर काढणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका.

आत काय काय आहे

मुख्य विभाग चार. दारातून आत शिरल्यावर लागतो तो बुलेव्हार्ड, म्हणजे दुकानं आणि खाण्याची ठिकाणं. ‘हाँटेड हॉटेल’ हे भुताचं घरही याच भागात आहे. तिथं खरी माणसं भुतांच्या वेशात अंगावर येतात. लहान मुलांना नेऊ देत नाहीत, आणि नेऊ दिलं असतं तरी नेऊ नये असंच आमचं मत आहे. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत कुणाचाच डोळा लागत नाही.

मार्व्हल विभागात स्पायडरमॅनचा गरगर फिरत पळणारा रोलर कोस्टर आहे. हल्कच्या राइडमध्ये आपण एका फिरत्या, कलत्या चौथऱ्यावर उभे असतो आणि सभोवार पडदा असतो. थॉरचा पाळणा माणसाला उलटासुलटा करतो. आठवीच्या पुढची मुलं इथून हलत नाहीत.

कार्टून नेटवर्क विभाग लहानांचा. पॉवरपफ गर्ल्स, बेन टेन, गंबॉल, ॲडव्हेंचर टाइम ही सगळी मंडळी इथं आहेत. बेन टेनचा खेळ पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांचा आहे. ॲडव्हेंचर टाइमची राइड वरून टांगलेल्या आसनांतून संथपणे विभागावर फिरवून आणते. घाबरट मुलांसाठी सुरुवात तिथून करावी.

चौथा विभाग लॉस्ट व्हॅली, डायनोसॉरचा. मान वळवणारे, डरकाळ्या फोडणारे मोठाले यांत्रिक प्राणी आहेत. पार्कचा सर्वांत प्रसिद्ध कोस्टर, ‘व्हेलॉसिरॅप्टर’, इथलाच. तो अडीच सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेतो आणि इमारतीच्या बाहेर, थेट वाळवंटात झेपावून परत आत येतो. साध्या कोस्टरमध्ये साखळी गाडीला हळूहळू चढावर नेते, तेवढ्यात देवाचं नाव घ्यायला वेळ मिळतो. इथं तो मिळत नाही, कारण चढ नाहीच. रुळांमधल्या विद्युतचुंबकीय मोटारी गाडीला एकदम पुढे फेकतात. शेजारच्या ‘प्रेडेटर’चं उलटं. ती गाडी सरळ उभी वर जाते, माथ्यावर येते, आणि काटकोनापेक्षाही आत वळलेल्या उतारावरून खाली पडते. मोठ्या मुलांशी पैज लावायची असेल तर आधी प्रेडेटर नुसतं खालून बघा, मग बोला.

वयापेक्षा उंची महत्त्वाची

घोटाळा होतो तो इथं. मूल आठ वर्षांचं आहे की नऊ, याच्याशी राइडवाल्याला देणंघेणं नसतं. दाराशी मोजपट्टी असते. तिच्या खाली डोकं राहिलं की आत सोडत नाहीत, कितीही विनवण्या केल्या तरी. आणि ते बरोबरच आहे. खांद्यावरून खाली येणारी ती जाड लोखंडी पकड ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेली असते. शरीर लहान असेल तर ती नीट बसत नाही. प्रत्येक राइडची मर्यादा वेगळी असते आणि बदलूही शकते, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात आम्ही पार्कची ताजी यादी तुम्हाला पाठवतो.

आमच्या कार्यालयात दाराच्या चौकटीवर मोजपट्टी चिकटवली आहे. मुलांना घेऊन या, बूट काढून उभं करा, आकडा लिहून घेऊ. त्यावरून त्याला नक्की किती राइड मिळतील ते तिथल्या तिथं सांगता येतं. उंची मीटरभराच्या आसपास असेल आणि घरात दुसरं मोठं मूल नसेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : या वर्षी हा दिवस घेऊ नका. पुण्याच्या पेशवे पार्कातल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत जे मूल अजून रमतं, त्याला इतक्या महागड्या गोंगाटाची गरज नाही. दोन-तीन वर्षं थांबा. तिकीट विकणाऱ्यानंच असं सांगणं काहींना विचित्र वाटतं, पण दुपारी तीन वाजता रडणारं मूल कडेवर घेऊन, भरलेल्या पैशांचा हिशेब करत बसलेले आईबाबा आम्ही पाहिले आहेत.

भावंडांतलं एक पट्टीच्या वर आणि एक खाली असेल, तर भांडण तिथं जाऊन व्हायच्या आधी घरीच होऊ द्या. कोण कुठं जाणार आणि आईबाबांपैकी कोण कुणाबरोबर थांबणार, हे आदल्या रात्री ठरवून ठेवा.

आजी-आजोबांचं काय

नेऊ शकता, आणि त्यांना मजाही येते. फक्त अपेक्षा वेगळी ठेवा. बीपी, हृदयविकार, मणक्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर वेगाच्या राइड वर्ज्य. गरोदर स्त्रियांनाही तेच लागू. चालणं मात्र भरपूर आहे. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअरची गरज आम्हाला आधी कळवा. डायनोसॉरचा विभाग, मेरी-गो-राउंड, संथ राइड, मधले कार्यक्रम आणि बसून माणसं न्याहाळणं, यात चार तास सहज जातात. त्याहून जास्त नाहीत. म्हणून सहा-सात तास ताटकळण्याऐवजी संध्याकाळी त्यांना आधी हॉटेलवर सोडण्याची सोय आम्ही करतो. ती बुकिंगच्या वेळीच सांगावी लागते.

कपड्यांबद्दल एक. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला सैल रुमाल कोस्टरवर चालत नाही. सलवार-कमीज चालते, ओढणी लॉकरमध्ये. चष्मा, मोबाइल, टोपी, मुंबईच्या मावशीनं दिलेलं सैल कडं, हे सगळं आधीच काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर ते कपड्याच्या आत नीट खोचा किंवा त्या दिवशी छोटं घाला.

खाणं, आणि खसखशीची गोष्ट

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं दूध-खाणं आणि औषधं वेगळी. आत शाकाहारी मिळतं, पण पिझ्झा, फ्राइज आणि त्याच वळणाचं. जैन जेवण किंवा उपवासाचं काही मिळेल ही आशा धरू नका. चतुर्थी असेल तर तो दिवसच दुसरा घ्या. जेवण गर्दीच्या आधी किंवा नंतर उरका, आणि पोटभर जेवून लगेच पडद्याच्या राइडमध्ये बसू नका. डोळ्यांना वाटतं आपण उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीत आहोत. या भांडणात पोट ढवळतं. ज्यांना वरंधा घाटात गाडी लागते, त्यांना बेन टेनही लागतो. मळमळलं तर डोळे मिटून घ्या, बहुतेकांना तेवढ्यानं बरं वाटतं.

आता महत्त्वाचं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिकडं ते अमली पदार्थांत मोडतं आणि विमानतळावर सापडलं तर प्रकरण गंभीर होतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी म्हणून अनारसे घरीच ठेवा. लाडवांत, करंजीच्या सारणात, घरच्या गोड्या किंवा काळ्या मसाल्यात खसखस आहे का, हे करणाऱ्या व्यक्तीला विचारूनच डबा भरा. शंकरपाळे, चकली, चिवडा खुशाल न्या. खायचं पान, गुटखा, तंबाखूची पुडी पुण्यातच राहू द्या. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या काही गोळ्या यांच्यावरही तिथं कडक नियंत्रण आहे. नियमित औषधांची यादी आम्हाला द्या. कुठल्या औषधाला आगाऊ परवानगी लागते ते आम्ही तपासून कळवतो.

कुठला दिवस घ्यावा

२०२२ पासून तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी दुपारनंतर सरकारी कचेऱ्या बंद होतात. सोमवार ते गुरुवार उत्तम. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथल्या शाळा चालू असतात, त्यांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आपल्याकडे सगळीकडे झुंबड असते त्याच दिवसांत तिथं आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगा तुलनेनं आटोक्यात असतात. उकाडा बाहेर आहे, त्याचं आपल्याला काय! डिसेंबरअखेर आणि ईदच्या सुट्ट्या मात्र टाळा.

रांग टाळण्याच्या जादा पैशांच्या फास्ट ट्रॅकबद्दल सगळेच विचारतात. मेमधल्या मंगळवारी तो घेणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. नाताळच्या आठवड्यात मुलं मोठी असतील तर घ्या, लहान असतील तेव्हाही नको. छोट्यांच्या राइडवर तशीही फार रांग नसते.

पार्क सकाळी लवकर उघडत नाही. वेळा हंगामाप्रमाणे आणि रमजानमध्ये बदलतात, म्हणून नेमकी वेळ आम्ही आदल्या संध्याकाळी कळवतो. दार उघडताना तिथं हजर राहा. ज्या एका राइडसाठी मुलगा महिनाभर यूट्यूब बघतोय, ती सर्वांत आधी करा. दुकानांत संध्याकाळी शिरा, नाही तर तलवार आणि फुगा सांभाळत दिवस काढावा लागतो.

काही जण याच दिवशी संध्याकाळी ग्लोबल व्हिलेज, म्हणजे देशोदेशीच्या दालनांची जत्रा, हीही जोडून देतात. ते याच रस्त्यावर आहे आणि हिवाळी हंगामात संध्याकाळी उघडतं, त्यामुळे कागदावर जुळतं. पायांना जुळत नाही. आम्ही ते दोन वेगळ्या दिवशी ठेवतो. मुलं कॉलेजात असतील आणि तुमचाच आग्रह असेल तर जोडून देऊ.

मेट्रो पार्कपर्यंत जात नाही. आमच्या दरात प्रवेश आणि हॉटेलपासूनचं नेणं-आणणं धरलेलं आहे. जेवण, लॉकर, पार्कवाल्यांनी काढलेले फोटो आणि नाणी टाकायचे खेळ धरलेले नाहीत. स्वतः टॅक्सीनं जाणार असाल आणि चारपेक्षा जास्त माणसं असतील तर मोठी गाडी मागा.

थोडं फोनबद्दल

व्हॉट्सॲपवर निरोप आणि फोटो जातात, पण आवाजी किंवा व्हिडिओ कॉल तिथं सहसा लागत नाहीत, हॉटेलच्या वायफायवरही नाही. पुण्यात राहिलेल्या आजीला हे आधी सांगून ठेवा, नाही तर ती आम्हाला फोन करते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायका-मुलांचे फोटो काढू नका, तिथं तो गुन्हा ठरू शकतो. लहान मुलाच्या खिशात आईबाबांचा चालू नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८.

अबू धाबीचा पर्याय

सहलीत अबू धाबी असेलच, तर तिथल्या यास बेटावरच्या बंदिस्त पार्कांपैकी दोन सांगण्यासारखी आहेत. २०१० चं फेरारी वर्ल्ड वेगवेड्यांसाठी, त्याचा ताशी २४० किलोमीटरचा कोस्टर बाहेर धावतो. २०१८ चं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड टॉम अँड जेरीवर वाढलेल्या मुलांसाठी आणि खरं तर त्यांच्या वडिलांसाठीही. मुलं दहाच्या आतली असतील तर आम्ही दुबईच्या पार्कऐवजी हेच सुचवतो. एका सहलीत दोन्हीकडे जाऊ नका. दुसऱ्या पार्कात मुलं फक्त आइस्क्रीम मागतात.

बुकिंगला येताना

सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणा. परतीनंतरही निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट दहा नव्हे, पाचच वर्षांचा असतो. तो मोठ्यांबरोबर काढलेला होता म्हणून चालूच असेल, असं धरून चालू नका. नूतनीकरणाला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी लागते आणि सुट्टीच्या तोंडावर ती लांबची मिळते. पासपोर्ट हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज करता येतो. पार्कचं तिकीट तारखेचं असतं. एकदा काढलं की रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा आल्याशिवाय आम्ही ते काढत नाही. परदेशी सहलीच्या रकमेवर कायद्यानं टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं सरकारसाठी आगाऊ गोळा करायचा कर, घ्यावा लागतो. तो ज्यांच्या पॅनवर जमा होईल त्यांना आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तेव्हा पॅन कुणाचा द्यायचा हे घरी ठरवूनच या.