निरोगी माणसाला स्टॅटिन: वादाची पार्श्वभूमी

स्टॅटिन म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं. ती निरोगी माणसाला द्यावीत का, यावरून हा वाद आहे. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना हृदयविकार अधिक होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं. पण औषधाने ते उतरवलं तर निरोगी माणसाचं भलं होतं का, हा प्रश्न वेगळा होता. १९७८ साली क्लोफायब्रेट या जुन्या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण एकूण मृत्यू औषध घेणाऱ्यांमध्येच जास्त निघाले. धडधाकट माणसाला गोळी देताना डॉक्टर कचरू लागले, आणि ते योग्यच होतं.

तोवर जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीच्या हजारो जाती तपासून काढल्या होत्या. यकृतात कोलेस्टेरॉल तयार व्हायला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते रोखणारं काहीतरी बुरशीत मिळेल, असा त्यांचा कयास होता. १९७३ साली पेनिसिलियमच्या एका जातीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. ते बाजारात आलं नाही. पण त्याच कुळातलं, म्हणजे स्टॅटिन गटातलं, लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं.

आधीपासून हृदयविकार असलेल्यांचा प्रश्न लवकर सुटला. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले.

निरोगी लोकांचं तसं झालं नाही. १९९५ साली पश्चिम स्कॉटलंडमधल्या वोस्कॉप्स चाचणीचा निकाल लागला. कोलेस्टेरॉल वाढलेले, पण कधीही झटका न आलेले ६,५९५ पुरुष तीत होते. प्रॅव्हास्टॅटिनने झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. हेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर सुमारे पाच वर्षांत ते ७.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे शंभरातल्या दोघा-तिघांचं संकट टळलं. दोन्ही आकडे खरे आहेत. पुढच्या साऱ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं, कारण गोळी घेणाऱ्याला बहुधा पहिलाच आकडा ऐकवला जातो. त्याला दुसराही कळायलाच हवा.

नंतर कमी-कमी धोक्याचे लोक चाचण्यांत येत गेले. २००८च्या ज्युपिटर चाचणीत तर ज्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, फारसं वाढलेलंच नव्हतं, असे १७,८०२ जण होते. फायदा इतका ठळक दिसला की ती दोनेक वर्षांतच थांबवली गेली. मात्र औषध घेणाऱ्यांत मधुमेहाचं निदान थोडं अधिक झालं. पुढे नियमही सैल झाले. दहा वर्षांतला हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका २० टक्के असेल तर गोळी द्या, ही ब्रिटनमधली मर्यादा २०१४ साली १० टक्क्यांवर आली. अमेरिकेने २०१३ सालीच ७.५ टक्क्यांची रेषा आखली होती. लाखो निरोगी माणसं एका फटक्यात औषधाला पात्र ठरली.

साहजिकच दुष्परिणामांवरून खडाजंगी झाली. स्नायूंना गंभीर इजा झाल्याने सेरिव्हास्टॅटिन २००१ सालीच बाजारातून काढून घ्यावं लागलं होतं, त्यामुळे भीती अगदीच निराधार नव्हती. पण २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १८ ते २० टक्के लोकांना त्रास होतो असं छापून आलं, ते विधान पुढच्या वर्षी मागे घेतलं गेलं. २०२०च्या सॅमसन चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी आणि काही महिने औषध नसलेली गोळी दिली गेली. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग त्या नुसत्या गोळीनेही जाणवला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. त्याचं कारण बहुतांशी औषधात नव्हतं, एवढंच.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या निरोगी लोकांबाबत पुरावा सगळ्यात तोकडा राहिला, कारण जुन्या चाचण्यांत ते फार थोडे होते. म्हणून ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत खास वृद्धांसाठी मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.