घरगुती संगणकाला प्रिंटर जोडणे

घरातील संगणकावर तयार केलेला मजकूर किंवा चित्र कागदावर छापता यावे यासाठी प्रिंटर आणि संगणक यांच्यात जी मांडणी करावी लागते, तिला प्रिंटर जोडणी म्हणतात. यंत्र खोक्यातून काढून त्यात शाई किंवा टोनर व कागद भरणे, ते केबलने अथवा घरातील वाय-फायवरून संगणकाशी जोडणे, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याची नोंद करून योग्य ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरला समजेल अशा रूपात आज्ञा देणारा प्रोग्रॅम, बसवणे आणि शेवटी चाचणी पान छापून पाहणे, ही सर्व कामे तिच्यात येतात. केबल लागली किंवा वाय-फायचा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. संगणकाला दोन वेगवेगळ्या गोष्टी कळाव्या लागतात : प्रिंटर कोठे आहे आणि त्याला कोणत्या भाषेत सांगायचे. पहिली गोष्ट पोर्टने, म्हणजे संगणकावरील जोडणीच्या जागेने किंवा नेटवर्कवरील पत्त्याने ठरते, दुसरी ड्रायव्हरने. घरी येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोहोंपैकी एकीत असते आणि ते कोणत्या बाजूला आहे हे आधी ओळखले, तर निष्कारण होणारी खटपट टळते.

व्यक्तिगत संगणकांच्या आरंभीच्या काळात प्रिंटर समांतर पोर्टला जोडला जाई. या जोडणीचा आराखडा सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने १९७० च्या सुमारास आपल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी तयार केला. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरने तोच स्वीकारला. मात्र संगणकाच्या बाजूला २५ पिनांचा आणि प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनांचा जोड असल्याने या दोन टोकांची जाडजूड केबल त्या काळची ओळखच बनली. डॉस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ड्रायव्हर संगणकाचा नसून प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वतःचा असे. त्यामुळे शब्दप्रक्रियेच्या प्रोग्रॅममध्ये उत्तम चालणारा प्रिंटर हिशेबाच्या प्रोग्रॅमला ओळखूही येत नसे. विंडोज आणि मॅकिंटॉश यांसारख्या प्रणालींनी ही जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि एकदा बसवलेला ड्रायव्हर सर्व प्रोग्रॅमना उपयोगी पडू लागला. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि पुढील काही वर्षांत समांतर पोर्ट घरगुती संगणकांतून नाहीसा झाला.

प्रिंटरला समजणाऱ्या भाषेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पानावर कोणता आकार कोठे उमटवायचा, हे सांगण्यासाठी ॲडोबी कंपनीने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन भाषा आणली; ॲपलच्या १९८५ मधील लेझररायटरमुळे ती सर्वत्र पोहोचली. ह्यूलेट-पॅकार्डच्या लेझर प्रिंटरांबरोबर पीसीएल ही दुसरी भाषा रूढ झाली. अशी भाषा समजण्यासाठी प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर आणि स्मृती लागते व त्यामुळे यंत्राची किंमत वाढते. म्हणून स्वस्त घरगुती प्रिंटरांत बराच काळ वेगळा मार्ग अवलंबला गेला. पानाचे ठिपक्यांत रूपांतर संगणकच करी आणि प्रिंटर आलेले ठिपके निमूटपणे उमटवी. या सोयीची किंमत वापरणाऱ्याला पुढे मोजावी लागते, कारण असा प्रिंटर पूर्णपणे त्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो आणि उत्पादकाने नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर काढला नाही, तर यांत्रिकदृष्ट्या धडधाकट यंत्रही अडगळीत जाते. यंत्र विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा अन्याय आहे आणि खरेदीपूर्वी पानांच्या वेगापेक्षाही ड्रायव्हरची चौकशी आधी करणे शहाणपणाचे ठरते.

या पराधीनतेचा संगणकाच्या इतिहासावरही परिणाम झाला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर होता. कागद अडकल्यास वापरणाऱ्याला तशी सूचना मिळावी, अशी सुधारणा तेथील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत केली होती. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र त्यांना मिळू शकली नाही. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना पाहता व बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागील प्रेरणांमध्ये हा अनुभव ते स्वतः सांगतात.

प्रत्यक्ष जोडणीची सुरुवात यंत्राच्या तयारीने होते. वाहतुकीत भाग हलू नयेत म्हणून झाकणाखाली, ट्रेमध्ये आणि कार्ट्रिजच्या वाटेवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्यांतील एखादी राहून गेली, तर यंत्र सुरू होताच घरघर करून थांबते आणि पडद्यावर कागद अडकल्याची सूचना येते, जरी कागद आत गेलेलाच नसला तरी. इंकजेटच्या कार्ट्रिजवर शाईची छिद्रे झाकणारी पातळ फीतही काढावी लागते. ती काढताना तांब्याच्या रंगाच्या संपर्कपट्टीला बोट लावू नये. शाईच्या टाक्यांचे प्रिंटर पहिल्यांदा सुरू करताना टाक्यांतील शाई बारीक नळ्यांतून मुद्रणशीर्षापर्यंत, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागापर्यंत, खेचली जाते. या क्रियेला काही मिनिटे लागतात आणि टाक्यांची पातळी नजरेत भरेल इतकी खाली येते. ही गळती नव्हे, नळ्या भरल्याचा तो परिणाम असतो. मात्र तेवढ्या वेळात वीज बंद केल्यास नळ्यांत हवा राहते आणि छपाईत पांढरे पट्टे येतात. लेझर प्रिंटरचा ड्रम, म्हणजे पानाची प्रतिमा घेणारा दंडगोल, प्रकाशाला संवेदनशील असल्याने तो उघड्यावर ठेवू नये. टोनर, म्हणजे शाईची पूड, वितळवून कागदावर पक्का करणारा भाग तापताना एकदम मोठा विद्युत्प्रवाह ओढतो, त्यामुळे लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसला न जोडता थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा, असे उत्पादकही सांगतात.

केबलची जोडणी सर्वांत कमी त्रासाची असते. प्रिंटरच्या बाजूला बहुधा चौकोनी तोंडाचा यूएसबी जोड असतो आणि केबलची लांबी ५ मीटरपर्यंत चालते. त्यापेक्षा लांब केबल किंवा अनेक उपकरणे लावलेला हब यांमुळे प्रिंटर मध्येच दिसेनासा होतो. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम केबल लावताच प्रिंटर ओळखून ड्रायव्हर स्वतः शोधतात. काही जुन्या यंत्रांच्या पुस्तिकेत मात्र आधी सॉफ्टवेअर बसवावे आणि ते सांगेल तेव्हाच केबल लावावी, अशी ठळक सूचना असते. हा क्रम चुकला तर संगणक यंत्राची नोंद अनोळखी उपकरण म्हणून करून ठेवतो आणि ती नोंद काढून टाकल्याशिवाय योग्य ड्रायव्हर बसत नाही.

वाय-फायवरील जोडणी सोयीची असली, तरी तक्रारी तिच्याच अधिक असतात. येथे प्रिंटर संगणकाला जोडला जात नाही. दोघेही स्वतंत्रपणे राउटरला जोडले जातात आणि त्याच्यामार्फत एकमेकांना भेटतात. पडदा असलेल्या प्रिंटरवर नेटवर्कचे नाव निवडून पासवर्ड टाकता येतो. पडदा नसेल, तर उत्पादकाचे मोबाइल ॲप किंवा राउटरवरील डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडणी करणारे) बटण वापरावे लागते. हे बटण दाबल्यानंतर साधारण दोन मिनिटांत प्रिंटरवरील बटणही दाबावे लागते. कित्येक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतात, म्हणून ज्या राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क सुरू असते तेथे प्रिंटरला नेटवर्कच दिसत नाही. दुसरी सर्रास दिसणारी अडचण पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कची आहे. अशा नेटवर्कवर उपकरणांना इंटरनेट मिळते, पण एकमेकांशी बोलता येत नाही, त्यामुळे प्रिंटर आणि संगणक दोन्ही जोडलेले दिसत असूनही छपाई होत नाही.

प्रिंटर काल चालला आणि आज ऑफलाइन दिसतो, या नेहमीच्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा पत्त्यात असते. राउटर प्रत्येक उपकरणाला काही काळापुरता एक आयपी पत्ता देतो. वीज गेली किंवा राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कामे पाठवत राहतो. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे राउटरच्या मांडणीत प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे आणि संगणकावर त्याच पत्त्याचा टीसीपी-आयपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील त्या पत्त्यावर कामे पाठवणारी नोंद, तयार करणे. हे काम एकदाच करावे लागते, आणि ते आरंभीच केले तर पुढील कितीतरी कटकट वाचते. प्रिंटरचा सध्याचा पत्ता त्याच्यावरूनच छापता येणाऱ्या नेटवर्क माहितीपानावर मिळतो. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. अशा वेळी संगणकावरील ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो.

ड्रायव्हरची गरजच कमी व्हावी, हा गेल्या दोन दशकांतील महत्त्वाचा बदल आहे. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल या मानकाची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रिंटर स्वतःच आपले कागदाचे आकार, रंग आणि दोन्ही बाजूंनी छापण्याची क्षमता संगणकाला कळवतो. त्याच वर्षी आलेली कप्स ही मुद्रणप्रणाली या मानकावर उभी आहे. लिनक्सवर ती सर्वत्र वापरली जाते आणि ॲपलने २००२ पासून ती आपल्या संगणकांत घेतली. २०१० मध्ये ॲपलने वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याची एअरप्रिंट ही सोय आणली, तर २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी याच हेतूने मोप्रिया संघटना स्थापन केली. विंडोजवरही बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर अपडेटमधून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मनोदय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केला. या मानकांपैकी एखादे पाळणारा प्रिंटर घरात असेल, तर उत्पादकाचे भलेमोठे सॉफ्टवेअर न बसवता ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीतून तो थेट निवडणे अधिक चांगले. स्कॅनिंगच्या काही खास सोयी, शाईची नेमकी पातळी किंवा मुद्रणशीर्षाची साफसफाई यांसाठी मात्र उत्पादकाचा प्रोग्रॅम लागू शकतो.

ड्रायव्हर शोधावाच लागला, तर तो उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्रिंटरच्या मदतीच्या नावाने चालणारी बनावट संकेतस्थळे व दूरध्वनी क्रमांक फसवणुकीचे एक मोठे साधन झाले आहेत. ड्रायव्हरला संगणकात खोलवर प्रवेश असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. विंडोजच्या मुद्रणसेवेतील प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली त्रुटी २०२१ मध्ये उघड झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला त्या जुलैत नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती द्यावी लागली होती.

छापण्याची आज्ञा दिल्यावर मजकूर लगेच प्रिंटरकडे जात नाही. स्पूलर नावाची सेवा तो आधी संगणकाच्या डिस्कवर साठवते आणि प्रिंटरच्या रांगेत लावते. रांगेतील पहिलेच काम बिघडले की मागची सर्व कामे खोळंबतात आणि वापरणारा पुन्हा पुन्हा आज्ञा देत राहिल्याने रांग वाढतच जाते. अशा वेळी रांग रिकामी करून स्पूलर सेवा पुन्हा सुरू केल्यास काम भागते. घरात पूर्वी दुसरा प्रिंटर असेल, तर नेहमीचा प्रिंटर कोणता ठरवला आहे, हेही पाहावे. विंडोज १० मध्ये २०१५ पासून आलेली एक सोय शेवटी वापरलेल्या प्रिंटरलाच नेहमीचा मानते, त्यामुळे एकदा पीडीएफ तयार केली की पुढची छपाई कागदावर न येता पुन्हा फाइल होऊन बसते. ही सोय बंद करून नवा प्रिंटर स्वतः निवडलेला बरा.

कागदाच्या आकाराकडे सहसा कोणी पाहत नाही. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि लेटर हा आकार सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. ड्रायव्हरमध्ये लेटर ठरलेला असून ट्रेमध्ये ए-४ असेल, तर कित्येक प्रिंटर कागद भरलेला असूनही कागद भरा असा आग्रह धरतात.

चाचणी दोन पायऱ्यांनी करावी आणि हा क्रम कधीही उलटू नये. प्रथम संगणकाचा संबंध न ठेवता प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून माहितीपान किंवा शाईच्या छिद्रांची तपासणी छापावी. ते पान स्वच्छ आले, तर शाई, कागद आणि यंत्रणा यांबाबत चिंता नाही. त्यानंतर संगणकावरून चाचणी पान पाठवावे. ते आलेच नाही, तर दोष पत्त्यात, केबलमध्ये किंवा रांगेत आहे. आले पण त्यावर पानेच्या पाने अगम्य चिन्हे उमटली, तर मार्ग ठीक आहे आणि ड्रायव्हर चुकीचा आहे. मराठी मजकूर इतरत्र नीट दिसत असून छपाईत जोडाक्षरे तुटत असतील, तर प्रिंटर जोडणीत दोष शोधण्याआधी तोच मजकूर पीडीएफमध्ये साठवून पाहावा. पीडीएफमध्येही अक्षरे तुटली तर फॉन्ट किंवा प्रोग्रॅम तपासावा लागतो.

यूएसबीने जोडलेला प्रिंटर घरातील इतर संगणकांनाही वापरू देता येतो, मात्र ज्या संगणकाला तो जोडला आहे तो त्या वेळी सुरू असावा लागतो. नेटवर्कवरील प्रिंटरला ही अट नसते, पण त्याच्या आत एक छोटे व्यवस्थापन पान असते, ते ब्राउझरमधून उघडते आणि कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड बदलून घ्यावा लागतो. फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरच्या आतील कायमच्या आज्ञावलीच्या, सुधारणा सुरक्षिततेसाठी आवश्यक असतात; तथापि काही प्रिंटरांत अशा सुधारणेनंतर इतर उत्पादकांची कार्ट्रिज चालेनाशी होतात, म्हणून सूचना वाचून मगच संमती द्यावी. प्रिंटर बदलताना जुन्याची नोंद, रांग आणि ड्रायव्हर हे तिन्ही संगणकातून काढावेत, आणि यंत्र दुसऱ्या कोणाला द्यायचे असल्यास ते मूळ स्थितीवर आणावे, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड आणि काही बहुउद्देशी यंत्रांत फॅक्सचे क्रमांक व ईमेल पत्तेही त्याच्या स्मृतीत साठवलेले असतात.