बालस्वर आणि हिब्रू स्तोत्रं : 'चिचेस्टर साम्स'ची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिणेकडील चिचेस्टर, विंचेस्टर आणि सॉल्झबरी या तीन कॅथीड्रलांचे गायकवृंद उन्हाळ्यात एकत्र येऊन महोत्सव करतात. १९६५ साली यजमानपद चिचेस्टरकडे होतं. तिथले डीन, म्हणजे कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू, वॉल्टर हसी यांनी त्यासाठी नवी रचना मागितली ती थेट न्यूयॉर्कचे संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्याकडे. तीच ही 'चिचेस्टर साम्स'.

हसींना अशा मागण्यांची सवय होती. नॉर्दम्प्टनला पाद्री असताना त्यांनी १९४३ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्याकडून 'रिजॉइस इन द लॅम्ब' ही वृंदगायनाची रचना लिहून घेतली होती आणि हेन्री मूर यांच्याकडून माता-बालकाचं शिल्प घडवून घेतलं होतं. बर्नस्टाइनना तर त्यांनी कळवलं, की संगीतात 'वेस्ट साइड स्टोरी' या तुमच्या ब्रॉडवे संगीतिकेची थोडी झाक आली तर आम्हाला आनंदच होईल. एका धर्मगुरूने इतक्या मोकळ्या मनाने हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बर्नस्टाइन तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातून वर्षभराची रजा घेऊन थॉर्न्टन वाइल्डर यांच्या नाटकावर संगीतिका रचत होते. ती बारगळली आणि तिच्या चाली हाती उरल्या. त्यातल्या बऱ्याचशा इथे कामी आल्या. शब्द घेतले बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले ('साम्स' म्हणजे हीच स्तोत्रं), तेही मूळ हिब्रूत. महायुद्ध संपून जेमतेम वीस वर्षं झाली होती. अशा वेळी एका ज्यू संगीतकाराची हिब्रू रचना अँग्लिकन कॅथीड्रलच्या गायकवृंदांनी गायची, ही गोष्ट लहान नव्हती.

तीन भागांपैकी दुसरा या रचनेचा प्राण आहे. हार्पच्या साथीवर एक मुलगा तेविसावं स्तोत्र गातो, परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारं. हार्प म्हणजे, ही स्तोत्रं परंपरेने ज्याची मानली जातात त्या दावीद राजाच्या वीणेचीच आठवण. त्याची चाल वृंदातले वरचे स्वर उचलतात, आणि अचानक पुरुषांचे आवाज दुसऱ्या स्तोत्राचे शब्द घेऊन घुसतात : राष्ट्रं का खवळली आहेत? हे दणकट संगीत 'वेस्ट साइड स्टोरी'तून गाळलेल्या एका गाण्याचं. म्हणजे हसींना हवी होती त्याहून जास्तच झाक त्यांना मिळाली! थोड्या वेळाने वरचे स्वर पुन्हा ती शांत चाल धरतात. स्वरलिपीत तिथे सूचना आहे, की धोक्याची जराही जाणीव नसल्यासारखं, आनंदात गावं. खाली पुरुषांची कुजबुज चालूच असते. शेवटची ओळ मुलाची असली, तरी धोका टळलेला नसतो.

१५ जुलै १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्नस्टाइन यांच्याच संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. तिथल्या वृंदात स्त्रियाही होत्या. ३१ जुलैला चिचेस्टरमध्ये मात्र रचना मुळात योजली होती तशी, फक्त मुलगे आणि पुरुष यांच्या आवाजांत ऐकू आली. वृंदात स्त्रिया असोत वा नसोत, दुसऱ्या भागातला तो एकल स्वर मुलाचा किंवा काउंटरटेनरचाच (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचाच) हवा, ही बर्नस्टाइन यांची अट स्वरलिपीत नोंदलेली आहे.