पोकेमॉनचं कांटो: नकाशा खरा, पण युद्धाचं काय?

'कांटो हा जपानमधला खराखुरा प्रदेश आहे' आणि 'कांटोमध्ये नुकतंच युद्ध होऊन गेलंय' ही दोन वाक्यं पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या वेड्यांच्या गप्पांत एका दमात येतात. नवख्याला दोन्ही सारखीच पक्की वाटतात. पण पहिली आहे प्रेरणा आणि दुसरा निव्वळ तर्क.

प्रेरणेचं लगेच आटपतं. १९९६ सालच्या पहिल्या गेममधलं कांटो म्हणजे टोकियोच्या आसपासचा भाग, नावसुद्धा तेच. २००२ च्या गेममधला होएन हा प्रदेश म्हणजे आडवं केलेलं जपानचं क्युशू बेट. तिथल्या एका बेटावर अवकाशकेंद्र आहे, अगदी जपानच्या खऱ्याखुऱ्या तानेगाशिमा बेटावरच्यासारखं. आणि रानात प्राणी पकडत हिंडणारी पोरं? माचिदात किडे गोळा करण्यात गेलेल्या आपल्या बालपणातून हा खेळ सुचला, हे निर्माते सातोशी ताजिरी यांनीच सांगितलंय.

युद्धाचा सगळा डोलारा मात्र मुख्यतः एका संवादावर उभा आहे. कांटोतल्या व्हर्मिलियन शहराच्या जिममधला (जिम म्हणजे पोकेमॉन झुंजवायचा आखाडा) लेफ्टनंट सर्ज इंग्रजी आवृत्तीत म्हणतो, लढाईत इलेक्ट्रिक पोकेमॉननी मला वाचवलं. झालं! नायकाचा बाप कुठे दिसत नाही, कोवळी पोरं एकटी रानोमाळ फिरतात, गावोगावी फुकट दवाखाने. म्हणजे बाप्ये लढाईत गेले. ऐकायला जबरदस्त, मलाही पहिल्यांदा काटा आला होता. पण दवाखाने होएनमध्येही आहेत, पोरं तिथेही एकटीच फिरतात, आणि तिथल्या नायकाचा बाप धडधाकट आहे, चक्क जिम चालवतो. दवाखाना असतो तो खेळणाऱ्याला पोकेमॉन बरे करून घेता यावेत म्हणून.

खरा घोळ होतो जोहतो या गेममधल्या आणखी एका प्रदेशातल्या एक्रुटीक शहरात. जुनी लाकडी घरं, नाचणाऱ्या किमोनो-मुली, दोन मनोरे: हे क्योटो, वादच नाही. त्यातला एक मनोरा जळालेला. क्योटोतलं सोनेरी किन्काकुजी १९५० मध्ये एका शिकाऊ भिक्षूने पेटवून दिलं होतं, म्हणून चाहते दोन्ही आगी जोडून टाकतात. पण गेममध्ये आग लागते ती वीज पडून, दीडशे वर्षांपूर्वी. शिवाय जळतो तो लुगिया या रुपेरी पोकेमॉनचा मनोरा, हो-ओह या सोनेरी पोकेमॉनचा शाबूत राहतो. क्योटोत जळलं ते सोनेरी. यावर 'मुद्दाम उलटं केलंय' म्हणणारे भेटतातच. त्यांच्याबरोबर मी क्योटोपर्यंत जातो, काडेपेटी निघाली की मागे फिरतो.