तातडीचे गर्भनिरोधन (ग्रामीण विदर्भ)

असुरक्षित संबंध आला, निरोध फाटला, रोजच्या गोळ्या चुकल्या किंवा बळजबरी झाली, तर गर्भ राहू नये म्हणून करायचा उपाय. साधने दोन. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, किंवा पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवायची.

गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. बीज सुटायच्या बेतात असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. गर्भ राहिलेला असेल तर तो तिने पडत नाही. १९९८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत राहू शकणाऱ्या गर्भांपैकी पहिल्या २४ तासांत ९५ टक्के, ४८ तासांपर्यंत ८५ आणि ७२ तासांपर्यंत ५८ टक्के टळले. ‘तीन दिवस आहेत’ म्हणून बाजाराच्या दिवसाची वाट पाहणे त्यामुळे महागात पडते.

२००५ पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारी ‘ईझी पिल’ आशाताईकडे दोन रुपयांना देण्याची सोय आहे, उपकेंद्रातही ती असते. मेडिकल मात्र बहुधा तालुक्याला. मेळघाटात एसटी चुकली की दिवस जातो. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. शिवाय मेडिकलवाला ओळखीचा निघतो, आणि ही अडचण कधीकधी अंतराहून मोठी ठरते. एक पाकीट आधीच घरी आणून ठेवावे. नवऱ्याची संमती लागत नाही.

दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यावी. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन किंवा फिटचे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन चालू असेल तर एका गोळीचा असर कमी होतो. अशा वेळी तांबी उत्तम, नाहीतर दोन गोळ्या एकदम. गोळीने बीज फक्त पुढे ढकललेले असते, म्हणून त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी कामाची नाही. गर्भपाताचे किट वेगळे, आठवड्याला घ्यायची गर्भनिरोधक ‘छाया’ गोळी वेगळी. दुकानात नाव नीट सांगावे.

काहीच मिळाले नाही तर माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक पाकिटातल्या चार गोळ्या, बारा तासांनी आणखी चार. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या यात धरू नयेत. या पद्धतीत मळमळ जास्त आणि खात्री कमी.

तांबी सर्वांत खात्रीची: शंभरात एकीलाही क्वचितच गर्भ राहतो, आणि कॉपर-टी ३८० ए पुढे दहा वर्षे चालते. ती प्रशिक्षित नर्सबाई किंवा डॉक्टरच बसवतात. त्या दिवशी ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत का, हे फोनवर विचारूनच निघावे. ओटीपोटात संसर्ग असेल तर तांबी बसवत नाहीत.

बळजबरी झालेल्या स्त्रीला सरकारी वा खाजगी रुग्णालयाने पोलीस तक्रारीची वाट न पाहता मोफत उपचार देणे बंधनकारक आहे; ही गोळी त्यातच येते.

पुढची पाळी थोडी मागेपुढे होते. आठवडाभराहून जास्त लांबली तर आशाताईकडच्या ‘निश्चय’ किटने लघवी तपासावी.